दादाचं रक्त, माझं नाव

चिखली,
१७ मार्च

आदरणीय आम्रपाली वहिनी यांना धाकटा चुलत दीर संघर्ष याचा सविनय जय भीम.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तुम्ही मला फोनवर ब्लॉक केलंय. आधी वाटलं तिकडं रेंज नसेल, मग वाटलं अंगणवाडीची मीटिंग असेल. अकरा दिवस मीटिंग चालत नाही हे बाराव्या दिवशी डोक्यात आलं. तुमची तब्येत, काकूचा गुडघा, पिंकीची परीक्षा आणि ती लंगडी शेळी सगळं ठीक असेल असं धरून चालतो, कारण विचारायला दुसरा रस्ता राहिला नाही. पत्र घरी न टाकता अंगणवाडीच्या पत्त्यावर टाकतोय, त्याचं कारण खाली येईल. अक्षराला हसू नका. शाळा सुटल्यापासून मी हातानं फक्त सह्या केल्यात, त्याही दुसऱ्यानं लिहिलेल्या कागदांवर.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तुम्ही धम्मादादाला बघितलं आणि किंचाळलात. दादाला विचारलंत, "काय झालंय तुम्हाला?" तर तो म्हणाला, संघर्षला विचार, आणि फोन माझ्या हातात कोंबून भांडी घासायला गेला (तो कधीच भांडी घासत नाही, यावरून काय ते ओळखा). मग तुम्ही मला म्हणालात, "भाऊजी, मी गावातल्या सत्तर लेकरांची वजनं करते. कुपोषण कसं दिसतं ते मला शिकवू नका." आणि फोन कट. वहिनी, तुमचा नवरा उपाशी नाही. दारूला लागला नाही. त्याची नोकरी गेली नाही आणि त्याचं दुसरीकडं काही सुरू नाही (त्याला सुरू करायला वेळ कुठं आहे, त्याला दिवसातून चाळीस मिनिटं चालावं लागतं). तो मेडिटेरेनियन डाएटवर आहे. हे नाव मी कागदावर चार वेळा बघून लिहिलंय.

पहिल्यापासून सांगतो. डिसेंबरात मला चाकणच्या एका कंपनीत कामाला घेतलं, म्हणजे कंपनीत नाही, कंपनीच्या ठेकेदाराकडं. काम शेडवर चढून पत्रे बसवायचं. वर चढायचं तर उंचीचा पास लागतो आणि पास पाहिजे तर वैद्यकीय तपासणी. तपासणी म्हणजे सुई. माझं आणि सुईचं तुम्हाला ठाऊक आहे. आठवीत लस टोचायला आले तेव्हा मी शाळेच्या भिंतीवरून जी उडी मारली, ती शाळेच्या बाहेरच पडली आणि परत आत काही आली नाही. चाळीस फुटांवरून खाली बघताना माझे पाय लटपटत नाहीत, पण तो कापसाचा बोळा दिसला की डोळ्यांपुढं अंधारी येते. तपासणी नेमकी गुरुवारी होती. गुरुवारी दादाच्या वर्कशॉपला सुट्टी. दादा म्हणाला, "एवढंच ना? आण तुझं कार्ड." आधार कार्डावरचा माझा फोटो इतका पुसट आहे की त्यात मी, दादा, आपले सरपंच, कुणीही असू शकतो. दादा गेला, माझ्या नावानं वजन करून, रक्त देऊन आला, वरून तिथं वाटलेली केळी आणि ग्लुकोजची बिस्किटंही घेऊन आला. रक्त घेताना त्यांनी टॅबवर त्याचा फोटो काढला हे त्यानं मला सांगितलं नाही. त्याला तो मान वाटला.

आठ दिवसांनी मला डॉक्टरांपुढं उभं केलं. रिपोर्टात माझी साखर उपाशीपोटी दोनशे दहा, चरबी सगळीकडं जास्त आणि वजन ब्याण्णव किलो. मी समोर उभा, छप्पन्न किलोचा. डॉक्टरांनी मान वर केली असती तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण त्यांच्यापुढं दोनशे कागद होते, त्यांनी कागदाकडं बघतच मला सांगितलं की वजन कमी करा, असंच चाललं तर तिशीत अंथरूण धराल. उंचीचा पास नाही, तोवर खाली राहून पत्रे उचलून द्यायचे. तीन महिने हा आहार पाळा, मार्च संपता संपता परत रक्त तपासू, फोटो ताडून बघू, तेव्हा सगळं आटोक्यात असेल तर पास. नाहीतर ठेकेदाराला मला काढावं लागेल. मग हातात एक छापील कागद दिला. समुद्राकाठचे लोक काय खातात ते त्यावर होतं. डाळी, हरभरे, भाज्या, मासे, मूठभर अक्रोड आणि ऑलिव्हचं तेल.

आता अडचण तुमच्या ध्यानात आली असेल. नाव माझं, नोकरी माझी, फोटो दादाचा, रक्त दादाचं. म्हणजे पथ्य दादानं करायचं. मी कागद त्याच्यापुढं ठेवला. तो त्या वेळी मिसळ खात होता. त्यानं रश्श्यात पाव बुडवून विचारलं, "कागदावर नाव कुणाचं?" मी म्हटलं माझं. "मग झालं तर. नाव तुझं, रोग तुझा. मला काय झालंय? मी ठणठणीत हाय." शेवटी मी त्याचे पाय धरले. म्हटलं, दादा, चार वर्षांत मी अकरा कंपन्या सोडल्या, कुठं माझा पाय टिकला नाही, या एका ठिकाणी टिकायचं मनात आहे, तर तुझ्या रक्तामुळं मला काढतील. तेव्हा तो विरघळला. तुमचा नवरा स्वतःसाठी चहातली साखर सोडणार नाही, पण दुसऱ्यासाठी म्हटलं की गवत खाईल. मात्र एक अट घातली, जे त्याच्या ताटात ते माझ्या ताटात. एकट्यानं भोगायला तो काही तुरुंगात नाही म्हणाला. तेव्हापासून छप्पन्न किलोचा मी वजन कमी करतोय.

सुरुवात अंबुबाईच्या खानावळीपासून केली. अंबुबाई इथल्या जुन्या चिखलीच्या, सगळं गाव त्यांना घाबरतं. मी मेडिकलमधून ऑलिव्हच्या तेलाची छोटी बाटली आणून त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, आम्हा दोघांची भाजी यात करा, तर्री नको. त्यांनी बाटली उलटीसुलटी बघितली. "आरं, ह्ये तर लेकराला चोळायचं त्याल हाय. जेवाय घालू का मालिश करू तुमची?" बाटलीवर खरंच रांगणारं बाळ होतं. आणि तर्रीशिवाय मागितल्याचं त्यांना जे लागलं ते वेगळंच. म्हणाल्या, तर्री काढली तर माझ्या भाजीत ऱ्हातंय काय, आणि तुमच्या दोघांची तोंडं बघून बाकीची गिऱ्हाइकं अर्ध्या भाकरीवर उठत्यात, तवा उद्यापासून तुमी तुमचं बघा. अशा रीतीनं स्वयंपाक माझ्याकडं आला. ड्युटीवरून येतो, बूट काढायच्या आधी हरभरे बघतो. भिजले की नाही ही माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी काळजी झालीय.

ऑलिव्हची फळं पण आणली, पिंपरी कॅम्पातून, काचेच्या बरणीत. दादानं एक तोंडात टाकलं, बी हातावर काढली आणि म्हणाला, ह्या लोकांचं बोर नासलं तर ते टाकत नाहीत काय? (बरणी अजून आहे. पाहुणा आला की आम्ही ती पुढं करतो. पाहुणे कमी झालेत.) अक्रोडाच्या जागी शेंगदाणे आणि त्या तेलाच्या जागी घाण्याचं शेंगदाण्याचं तेल, तेही चमच्यानं मोजून. हे मी माझ्या मनानं केलं, आणि कंपनीच्या प्रथमोपचार खोलीतल्या नीला सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, चालेल, समुद्र काय तिथं आणि काय इथं, तेल थोडं असलं म्हणजे झालं. माशाचं ऐकून दादा खूश झाला होता. पण कागदावर तळायचा नाही, भाजायचा किंवा वाफवायचा, असं निघालं. बांगडा मी कुकरात वाफवला. वासानं घरमालक वर येऊन विचारून गेले, कुणी गेलंय का म्हणून.

सगळ्यात जास्त मला त्याच्या चालण्यानं फसवलं. दादा रोज संध्याकाळी हौसेनं आळंदीच्या रस्त्यानं चालायला जायचा, घामाघूम होऊन यायचा आणि वजन काट्यावर वाढायचं. पहिल्या महिन्यात दीड किलो वाढलं. मी सिस्टरना विचारलं, मोबाइलला विचारलं, शेवटी एका रविवारी त्याच्या मागं गेलो. वीस मिनिटं झपाझप चालला, एका भज्याच्या गाडीपाशी थांबला, गाडीवाल्यानं न विचारता प्लेट भरली, आणि परत वीस मिनिटं झपाझप चालत घरी. मी समोर उभा राहिलो तर मिरची चावत म्हणाला, "कागद आण. भजी खायची नाही असं कुठं लिहिलंय दाखव." कागदावर खरंच नव्हतं. समुद्राकाठच्या लोकांना भजी माहीत नसावीत. तेव्हापासून मीही त्याच्याबरोबर चालतो. दिवसभर उभं राहून आल्यावर चाळीस मिनिटं, भज्याच्या गाडीपाशी आल्यावर त्याचं कोपर घट्ट धरून. गाडीवाला आम्हाला बघून मान फिरवतो, जसं काही आम्ही त्याचं वाईट केलंय.

वहिनी, मी थकलोय. पत्रे उचलून एवढा थकत नाही. हरभरा, मटकी, मूग, परत हरभरा. पगारवाढ होऊन तिकडं तमिळनाडूत होसूरला कामाला जायचं चालून आलं होतं, मी नाही म्हटलं (मी, ज्यानं चहा आवडला नाही म्हणून कंपनी सोडलीय). मी गेलो तर याचं कोपर कोण धरणार? दादाला मात्र मानवलंय. वजन ब्याऐंशी झालं. पट्ट्याला त्यानं वर्कशॉपच्या ड्रिलनं तीन नवीन भोकं पाडलीत आणि सगळ्यांना दाखवतो. जिना चढताना आता मधे थांबत नाही. रोज मला विचारतो, "मिळाला का रं पास?" मी म्हणतो, नाही अजून, मार्चअखेर. मग तो सुस्कारा टाकून काकडी उचलतो. तुम्ही व्हिडिओत बघितलं ते हे. गालाची हाडं दिसतात ती उपासानं नाही, ती पहिल्यापासूनच तिथं होती, इतके दिवस झाकलेली होती. तेव्हा राग सोडा, माझा नंबर मोकळा करा, आणि काकूला सांगा की पोरगा बरा आहे.

सगळ्यांना जय भीम. पिंकीला माझ्याकडून एक पप्पी.

तुमचा दीर,
संघर्ष

ता. क. : वर पास अडकलाय असं लिहिलंय ते खोटं आहे. पास मला जानेवारीतच मिळाला. नीला सिस्टरनी एक दिवस टॅबवरचा फोटो बघितला, मग मला बघितलं आणि दार लावून घेतलं. मी सगळं कबूल केलं. त्यांनी माफीचा कागद लिहून घेतला, माझं स्वतःचं रक्त काढलं (मी पडलो, स्टूलपण पाडलं) आणि आठवड्यानं पास हातात ठेवला. मी जायला निघालो तर म्हणाल्या, "थांब. ते पहिलं रक्त ज्याचं होतं त्या माणसाला कुणी सांगितलंय का?" मी म्हटलं, सांगितलंय, तो म्हणतो नाव माझं नाही. तेव्हापासून दोन महिने मी दादाशी खोटं बोलतोय. पास मिळाल्याचं कळलं तर तो त्याच दिवशी गाडीवर जाऊन प्लेट मागेल.

ता. क. दुसरा : खरं काम हे आहे, आणि म्हणूनच पत्र अंगणवाडीत पाठवलंय. वहिनी, तुमच्या सासऱ्यांच्या, अण्णांच्या पायाचं बोट कसं काळं पडलं आणि मग पाय कुठपर्यंत गेला ते आपण सगळ्यांनी बघितलंय. दादानं सगळ्यात जास्त बघितलं, दवाखान्यात रोज तोच बसायचा. म्हणूनच तो कागद वाचत नाही असं मला वाटतं. डिसेंबरात त्याच्या अंगठ्याला वर्कशॉपच्या प्रेस मशीनवर खरचटलं होतं, ते भरायला महिना लागला. नुसत्या हरभऱ्यानं भागणार नाही, डॉक्टरला दाखवायलाच पाहिजे, असं सिस्टर म्हणतात. जगात त्याच्या तब्येतीचा एकच कागद आहे आणि त्यावर माझं नाव आहे. तो भीमजयंतीला गावी येतोय. तुमच्याकडं आरोग्य केंद्राची माणसं येतात तेव्हा तपासणी लावा. माझ्यासाठी चला म्हणा, मला एकटीला भीती वाटते म्हणा, दुसऱ्यासाठी म्हटलं की तो येतो. फक्त नाव त्याचंच लिहून घ्या. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. आणि रिपोर्ट आला की तुम्हीच त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. मी कळवलंय हे सांगू नका.

ता. क. शेवटचा : या महिन्यात परत तपासणी झाली, माझा पण रिपोर्ट आलाय. रक्त कमी, वजन एक्कावन्न. डॉक्टरांनी या वेळी मान वर केली आणि म्हणाले, "अरे, तू जेवतोस का नाही?" तेव्हा शेंगदाण्याचे लाडू पाठवलेत तर उपकार होतील. पण डब्यावर माझं नाव नको, अंबुबाईच्या पत्त्यावर, अंबुबाईच्या नावानं पाठवा. तुमचा नवरा माझ्या नावाचा रोग घेत नाही, पण माझ्या नावाचे लाडू घेतो.