कडी लावायची राहिली

४ मार्च
चालण्याचा नववा दिवस. टाचेला फोड. आठ दिवस नुसते मैलाचे दगड मोजले — आज पाय दुखायला लागले तेव्हा कुठे वाटेवरची शेतं दिसली. मुक्काम एका मेंढ्या पाळणाऱ्या बाईकडे. घरात ती आणि तिचे म्हातारे सासरे. त्यांनी स्वतः खाली बसून माझ्या टाचेला पट्टी बांधली. मी संकोचले. “यात्रेकरूचे पाय आहेत, लाजू नकोस,” म्हणाले.

५ मार्च
सकाळी आरडाओरडा. मेंढ्या कोबीत शिरलेल्या, निम्मा वाफा फस्त. पहाटे नळावर जाताना मेंढ्यांच्या कुंपणाचं फाटक मीच उघडलं होतं. कडी लावली नाही. पक्कं आठवतंय.

सून सासऱ्यांवर बरसली. “परवा औषध दोनदा घेतलंत, आज हे. बाबा, आता माझ्याच्यानं होत नाही.”

म्हातारे कडीकडे बघत राहिले. “मीच विसरलो असेन.”

आणि मी? बुटाची नाडी बांधत होते. सोडली, पुन्हा बांधली. निघताना त्यांनी हात हलवला. मीही हलवला!

६ मार्च
दिवसभर चालले.

७ मार्च
विहिरीवर दोघी कपडे धूत होत्या. “एकट्याच निघालात? केवढी श्रद्धा!” धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. देऊळ दोन दिवसांवर आहे. कुठल्या तोंडानं हात जोडू?

दुपारी उलटी फिरले. समोरून येणारे विचारतात, “ताई, वाट चुकलात?” हो म्हणते.

९ मार्च
पोचले. म्हातारे दिसेनात.

“काल थोरल्या दिरांकडे शहरात धाडलं,” सून म्हणाली. “विसरायला लागलेत. मी रानात गेले की मागे एकटं कसं ठेवायचं?”

उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ती चिडली नाही. “ताई, तेव्हाच बोलला असतात तर...”

तिनं दिरांकडे फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “तुम्हीच सांगा.”

९ मार्च, संध्याकाळ
म्हटलं, “बाबा, फाटक मी उघडं टाकलं होतं.”

पलीकडून घोगरा आवाज — “म्हणजे मी विसरलो नव्हतो, पोरी?”