बाबांच्या हातावरचं परक्याचं घड्याळ

३ मार्च, सोम.
बाबांच्या रिक्षात, सीटच्या फटीत, स्टीलचं घड्याळ सापडलं. जड, महागडं. मी म्हटलं, मालक शोधायचाच. घरातली पहिली पदवीधर मी, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे. आई म्हणाली, आधी भांडी घास.
रिक्षात कागद चिकटवला: घड्याळ सापडले आहे. खूण पटवून न्यावे. खाली माझा नंबर.

५ मार्च, बुध.
नऊ मालकांचे फोन. एकाचं चौकोनी, एकाचं लेडीज.
संध्याकाळी घड्याळ बंद पडलं. बाबांचा चेहरा उतरला. वीस वर्षं रिक्षा चालवतात, कुणी नावं ठेवलेली नाहीत. आता मालक म्हणणार, यांनी बिघडवलं. नेटवर वाचलं: ऑटोमॅटिक आहे, सेल नसतो, हात हलला की आपोआप चावी भरते. ठरलं, मालक येईपर्यंत बाबांनी घालायचं. निर्णय माझा.

८ मार्च, शनि.
घड्याळ चालू. बाबा बाही दुमडून हिंडतात. काल कर्वेनगरचं गिऱ्हाईक चक्क नाकारलं नाही. आईला वेळ सांगतात ती सेकंदासकट. आता हे परत देताना बाबांना जड जाणार.

९ मार्च, रवि.
खरे मालक सापडले. नारायण पेठेतले निवृत्त आजोबा. शेजाऱ्याने रिक्षातला कागद वाचून सांगितलं. मागे कोरलेलं मुलाचं नाव बरोबर निघालं. मी, बाबा देऊन आलो. आजोबांनी ते कानाला लावलं.
"चालू आहे. म्हणजे कुणीतरी घालत होतं."
बाबा फरशीकडे बघत राहिले. मी सगळं सविस्तर सांगितलं.
"पदवी कशात?"
"तत्त्वज्ञान."
"वाटलंच."
मग बाबांना म्हणाले, "अहो, माझ्या हातावर हे दोन दिवसांत थांबतं. मी खुर्चीतून उठतो कुठे? मुलगा परदेशातून दर रविवारी व्हिडिओवर घड्याळ बघतो. चालू असलं की त्याला वाटतं, म्हातारा फिरतोय. तर आठवडाभर तुम्ही घाला, रविवारी आणून द्या."
बाबा हो म्हणायच्या आत मी नाही म्हटलं. ही मुलाची फसवणूक. बाबांनी दुमडलेली बाही खाली सोडली.

१२ मार्च, बुध.
आजोबांचा फोन. घड्याळ थांबलं. मी अट सांगितली: बाबा रोज तासभर घालतील, पण द्यायला-घ्यायला आजोबांनी रिक्षा स्टँडपर्यंत स्वतः चालत यायचं.
"मग ते माझ्याच हातावर चालेल की."
"हो."
त्यांनी फोन ठेवला.

१३ मार्च, गुरु.
सकाळी साडेसातपासून बाबांसोबत स्टँडवर. बाबांनी तीनदा मोकळ्या मनगटाकडे पाहिलं. दोन गिऱ्हाइकं सोडली.
आठला गल्लीच्या तोंडाशी आजोबांची काठी दिसली. मग थांबली. बाबा म्हणतात, येतील. मला वाटतं, परत फिरतील.