बिनसहीचे अभिप्राय

३ फेब्रुवारी, सोमवार

आलं एकदाचं! धाकटीचं पुस्तक ग्रंथालयात आलं. एकच प्रत. छोटेखानी, मुखपृष्ठावर पंखांचा साप आणि खाली माझ्या सख्ख्या बहिणीचं नाव सोनेरी अक्षरांत. शिक्का मी मारला. अनुक्रमांक मी घातला. मागच्या पानाला अभिप्रायाचा रेघांचा कागदही मीच डकवला.

हा कागद म्हणजे आमच्या ग्रंथालयाची खासियत. प्रत्येक नव्या पुस्तकाला लावतो. वाचकानं वाचायचं, मागे दोन ओळी लिहायच्या, सही करायची नाही. पद्धत माझीच, एकोणीस वर्षांपूर्वीची. सही करायला लावली की लोक गोड गोड लिहितात.

धाकटीच्या प्रकाशकाला ही पद्धत फार आवडलीय म्हणे. महिनाअखेरीस तो हा कागद मागवणार. लोकांना आवडलं असेल तर दुसरा भाग छापणार, नाहीतर नाही. दुसऱ्या भागासाठी बाईसाहेबांनी शाळेतली नोकरी सोडलीय! मला विचारलं नाही. विचारतेय कशाला.

४ फेब्रुवारी

वाचायला घेतलं.

आगीच्या डोंगराची गोष्ट कोणाला माहीत नाही? गावातल्या सगळ्या चुली विझतात. दोघी बहिणी डोंगरावर निखारे आणायला जातात. थोरली धाकटीला पाठुंगळीला घेते, हात सोडत नाही, दोघी परत येतात. संपली गोष्ट. आई आम्हाला हीच सांगायची. थोरलीचं बोलणं आलं की माझ्याकडे बघून सांगायची.

धाकटीनं काय केलंय — साप उडतात, निखारे बोलतात, डोंगराच्या पोटात राणी. असू दे. पण थोरली? थोरली डोंगरमाथ्यावर धाकटीचा हात सोडून देते. मुद्दाम! राणीनं तिला सांगितलेलं असतं, की एकटी परत गेलीस तर गाव तुलाच ओवाळील.

आणि ही थोरली जेवायच्या आधी प्रत्येक घास हुंगते.

घास हुंगते!

आमच्या अख्ख्या नात्यागोत्यात घास हुंगणारी एकच बाई आहे. ती आत्ता हे लिहितेय.

८ फेब्रुवारी

पहिले तीन अभिप्राय आले. शाळेतल्या कुठल्यातरी मुलीनं लिहिलंय, 'मला पण असा साप पाहिजे.' नर्सबाईंचं अक्षर मी ओळखते — 'दोनदा रडले, पुन्हा वाचणार.' आणि शिंपीणबाई: 'मोठी बहीण अगदी ओळखीची वाटते.'

शिंपीणबाईंनी पुस्तक परत देताना माझ्याकडे पाहिलं आणि ओठ आत ओढून घेतले. मी डबा खात होते. तशीच झाकण लावून बसले. संध्याकाळपर्यंत उपाशी.

नऊ वर्षं आईचं मी केलं. उचलणं, धुणं, भरवणं. भरवायच्या आधी अन्न आंबलंय का ते हुंगून बघायचे, तिला चव कळत नव्हती म्हणून. तेव्हापासूनची सवय आहे ती. धाकटी तेव्हा लांब, परीक्षा, नोकरी, लिखाण. दिवाणखान्यातल्या पाहुणीसारखी यायची आणि जायची. आणि आता मला पुस्तकात घातलंय.

१० फेब्रुवारी

अभिप्रायाच्या कागदावर चहा सांडला.

सांडला म्हणजे मी सांडला. कागद खराब झाल्यावर नवा लावावाच लागतो, नियम आहे. लावला. कोरा करकरीत.

पहिला अभिप्राय मी लिहिला. डाव्या हातानं. 'मुलांना देण्याजोगे नाही.' त्यामुळे अक्षर म्हाताऱ्या माणसाचं वाटलं. झकास.

११ फेब्रुवारी

आज दोन.

१४ फेब्रुवारी

सात झाले. मला हे इतकं छान जमेल असं वाटलं नव्हतं!

एक चिडलेली आई केली. तिचा मुलगा म्हणे पुस्तक वाचून अंधाराला घाबरायला लागला. एक प्राध्यापक केला — त्याला शब्दजड वाक्यं दिली, 'मूळ कथेचा साधेपणा लेखिकेने हकनाक बळी दिला आहे.' त्यासाठी बारीक शिसाची पेन्सिल आणली. एक कंटाळलेला माणूस केला, तो फक्त 'पान ४० ला सोडले' एवढंच लिहितो. तो मला सगळ्यात आवडतो. त्याला मिशी असणार.

धाकटीला वाटतं तिलाच माणसं उभी करता येतात.

१७ फेब्रुवारी

गंमत बघा. नर्सबाई पुस्तक पुन्हा वाचून परत द्यायला आल्या. पेन्सिल घेतली, मागचं पान उघडलं (जुना कागद चहानं गेला, असं मी सांगितलं), वरचे अभिप्राय वाचत गेल्या. चेहरा उतरत गेला. पेन्सिल ठेवून दिली. मी विचारलं, लिहीत नाही का काही? तर म्हणाल्या, मला आवडलं होतं, पण मला मेलीला पुस्तकातलं कुठे कळतंय.

चांगलं म्हणणारे सगळे असेच निघाले. वाचतात, गप्प होतात, जातात. एकाचंही धाडस नाही. नव्या कागदावर माझ्याशिवाय कोणाची रेघ नाही.

ग्रंथालयाचे अध्यक्ष, दातांचे डॉक्टर, ते तर कागद बघून खूश. आपल्या वाचकांचा दर्जा वाढलाय म्हणाले. मी म्हटलं, हो, वाढलाय खरा.

२० फेब्रुवारी

दहावा लिहिला. थोडं रडू आलं लिहिताना. का ते कळलं नाही. बहुतेक सर्दी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

धाकटी आली.

मला वाटलं होतं घरी येईल. ग्रंथालयातच आली, भर दुपारी. हडकलीय. केस तेल न लावलेले. लहानपणी मी दोन वेण्या घालायचे तिच्या, करकचून, रडायची. टेबलापाशी उभी राहून विचारते, ताई, लोक काय म्हणतात गं?

मी पुस्तक काढून दिलं. मागचं पान तिचं तिनंच उघडलं.

अकरा अभिप्राय. तिनं सावकाश वाचले, एकेका ओळीवर बोट ठेवून, आई वाचायची तसं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. सांगते खरं खरं, इथे तरी खरं सांगते — मला बरं वाटत होतं. अंगात ऊन आल्यासारखं. चाळीसाव्या पानावर सोडणाऱ्या माणसापाशी तिचं बोट थांबलं, आणि मला हसू दाबावं लागलं!

मग तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली,

"अकरा जणांनी वेळ काढून वाचलं तरी."

एवढंच. मी चहा मागवला. तिनं विचारलं, तू वाचलंस का? मी म्हटलं, वेळ कुठे मिळतोय. ती म्हणाली, नको वाचूस मग. थोरली नीट जमली नाही मला. हात सोडते ते मला स्वतःलाच लिहायचं नव्हतं, पण प्रकाशक म्हणाला की कोणीतरी वाईट पाहिजे. दुसऱ्या भागात ती परत वर जाते, धाकटीला आणायला. ते सगळं लिहून झालंय.

मी विषय बदलला. शाळेतल्या जागेचं विचारलं, भरली का अजून रिकामी आहे. ती म्हणाली, विचारून बघते.

जाताना कप विसळून ठेवून गेली.

२३ फेब्रुवारी

परत वर जाते म्हणे. आता सुचतंय! आधी सगळ्या गावासमोर घास हुंगायला लावायचं आणि मग वर पाठवायचं.

मी माझा कागद काढून घेणार नाही. नाहीच.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

काल माझी सुट्टी. गुरुवारी टेबल आमची पुस्तकं बांधणारे बाइंडरकाका सांभाळतात. आज सकाळी पुस्तक जागेवर होतं. उगाच मागे उघडून पाहिलं.

बारावा अभिप्राय. माझा नाही!

मोठी मोठी सुटी अक्षरं, बालवाडीत गिरवल्यासारखी. लिहिलंय — 'वरच्या सगळ्यांशी सहमत आहे. घरात ऐकलेली गोष्ट घरातच ठेवायला हवी होती. या बाईंना लिहिता येत नाही. दुसरा भाग निघू नये.'

आधी हसले. म्हटलं, चला, आपल्याला पहिला चेला मिळाला. मग पुन्हा वाचलं. लिहिता येत नाही? कोण हा? कोण लागून गेलाय? धाकटीला लिहिता येत नाही! सातव्या वर्षी तिनं मांजरावर लिहिलं होतं तर आईनं ते शेजारच्या चार घरांत वाचून दाखवलं होतं. साप उडतात ते पान वाचलंय का यानं नीट? मला त्या पानावर, द्वेषानं वाचत होते तरी, खिडकीबाहेर बघावं लागलं होतं.

मी म्हणेन तिला काय वाटेल ते. मी तिच्या वेण्या घातल्यात, तिचं नाक पुसलंय, माझा हक्क आहे. परक्या माणसानं तिला 'लिहू नका' म्हणायचं काही कारण नाही.

काल पुस्तक कोणी नेलं, ते शोधायचंच. बाइंडरकाका कार्ड भरत नाहीत, आपल्या खिशातल्या कागदावर लिहितात आणि सोमवारी माझ्याकडे देतात. कितीदा सांगितलं!

१ मार्च, शनिवार

शिंपीणबाई असणार. तिचंच काम. तिला काय काय सुनवायचं ते दिवसभर मनात जुळवत होते, त्यामुळे अध्यक्ष कधी आले आणि कागदाचा फोटो काढून प्रकाशकाला कधी पाठवला, माझं लक्षच नव्हतं. मग म्हणाले, तो शेवटचा अभिप्राय फार नेमका आहे हो, त्यानं निकालच लागला.

मी म्हटलं, परत मागवता येईल का?

ते म्हणाले, फोटो कसा परत मागवणार.

३ मार्च, सोमवार

बाइंडरकाकांनी कागद दिला. गुरुवारी ते पुस्तक एकाच बाईनं घेतलं. घरी नेलंच नाही. खिडकीजवळच्या बाकावर बसून मागे काहीतरी लिहिलं आणि लगेच परत दिलं. काका म्हणाले, "नाव काय लिहायचं, तुमची धाकटीच होती."

'वरच्या सगळ्यांशी सहमत आहे.' वरचे सगळे म्हणजे मी एकटी.