माशाच्या काट्यावर घेतलेला आळ

आई, संशय घ्यायची सवय मला तुझ्याकडूनच लागली, तेव्हा या वेळी तुझाच संशय घेतला म्हणून रागावू नकोस.

आमचा लॅब्राडॉर जेवत नाही, गिळतो. वाडगा जमिनीला टेकतो न टेकतो तोच रिकामा, आणि मग उचक्या. डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, दिवसाचं खाणं तीनदा विभागून द्या, आत उंचवटे असलेला वाडगा आणा, फार वेळ उपाशी ठेवू नका, खाल्ल्यावर तासभर पळू देऊ नका. "मोठ्या कुत्र्यांच्या पोटाला पीळ बसतो," ते म्हणाले. "पोट फुगून टणक होतं, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही." हे मी पाहिलेलं होतं.

तेव्हापासून घरात माझा पहारा. तो खाताना मी शेजारी स्टूल घेऊन बसते, नवऱ्याच्या खिशात बिस्किटं आहेत का ते चाचपते. तो म्हणतो, "अगं, कुत्रा आहे तो, कैदी नव्हे." म्हणू दे. गेल्या आठवड्यात दोनदा माझी शपथ घेऊन खोटं बोललाय.

बालीगंजच्या त्या घरातली गणेश चतुर्थी आठवते तुला? मी दहा वर्षांची. नैवेद्य दाखवल्याशिवाय घरात कुणी तोंडात घास घालायचा नाही हा तुझा नियम, आणि तो आपल्या अल्सेशियनलाही लागू. "तोही या घरचाच आहे," म्हणायचीस. त्या दिवशी बाबांच्या बँकेतली मराठी मंडळी आरतीला उशिरा पोचली आणि नैवेद्याला तीन वाजले. तो सकाळपासून उपाशी, स्वयंपाकघराच्या दाराशी लाळ गाळत बसलेला. पानं वाढता वाढता तू म्हणालीस, "त्याला वरणभात घाल गं." तो गपागपा खातो आहे, मी हसते आहे, मग त्याला गच्चीवर नेऊन चेंडू फेकते आहे. संध्याकाळी त्याचं पोट फुगलं. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात तो गेला.

खालच्या मजल्यावरच्या बंगाली काकू, आपल्या काकीमा, त्याला अधूनमधून माशाचं डोकं घालायच्या. आपल्याकडे मासा यायचा नाही, त्यामुळे तुझ्या मनात त्यांच्याबद्दल अढी होतीच. त्या संध्याकाळी त्याला बघायला आलेले डॉक्टर जिन्यात तुझ्याशी हलक्या आवाजात बराच वेळ बोलले. तू आत येऊन म्हणालीस, "माशाचा काटा अडकला. त्या बाईनेच घातलं असणार." झालं, काकीमांशी बोलणं बंद. त्या जिन्यात भेटल्या की मी मान खाली घालायची.

काटा अडकला तर पोट असं फुगेल? डॉक्टरांनी सांगितलं काय आणि तू आम्हाला सांगितलंस काय? स्वतःचा नैवेद्याचा नियम झाकायला तू एका भल्या बाईवर आळ घेतलास, हेच आठवडाभर माझ्या डोक्यात घोळत होतं. तुझ्यावर चांगलीच चिडले होते.

काकीमा आता बराकपूरला मुलाकडे असतात. परवा सियालदा स्टेशनवरून गाडी धरून गेले. नव्वदीला टेकल्यात, पण कान शाबूत आहेत. मी विषय काढताच म्हणाल्या, "तुझी आई आली होती की माझ्याकडे, त्याच महिन्यात. खूप रडली. म्हणाली, पोरीने खायला घालून लगेच पळवलं त्याला. तिला कळलं तर जन्मभर स्वतःला खात बसेल. तेवढा आळ तुमच्यावर राहू द्या."

"आणि तुम्ही कबूल झालात?"

"तू लहान होतीस," त्या म्हणाल्या आणि चहा आणायला सुनेला हाक मारली.

परतीच्या गाडीत तुझ्यावरचा राग कुठल्या कुठे गेला, पण बरं काही वाटेना. तू गेल्यावर आता हे पत्र टाकायला पेटी कुठली, म्हणून लिहूनच टाकते. तू दिलेला वरणभात त्याने चाटूनपुसून संपवला, आणि मला त्याची गंमत वाटली म्हणून मी त्याचं भांडं आणखी दोनदा भरलं. ते कुणालाच माहीत नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. त्याचं फुगलेलं पोट बघताना मला तेच आठवत होतं. तू काकीमांचं नाव घेतलंस तेव्हा मला हायसं वाटलं, आई. त्या काट्यावर मी एक दिवसही विश्वास ठेवला नव्हता.