चाकांची खुर्ची आणि दोन जावा

३ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र पोचलं. तू बंदरावर लाँचची तिकिटं विकायला लागल्यापासून साऱ्या घराला बंदर दाखवायचं मनावर घेतलंयस. चांगलं आहे. तुझा बाप तर आत्तापासून गाडी पुसतोय. पण तुम्ही जा, मी घर राखते. तू लिहितेस की धक्का लांब आहे, टोकाच्या लाल दिव्यापर्यंत टेकायला एक बाक नाही, म्हणून कचेरीतून माझ्यासाठी चाकांची खुर्ची काढून ठेवतेस. मेले, मी काय पोतं आहे ढकलत न्यायला?

या गुडघ्यापायी वर्षभर फाटकाबाहेर पाऊल टाकलं नाही, हे खरं. समुद्र बघितला तो कॅलेंडरावर, हेही खरं. त्या चित्रातल्यासारखा दिवा एकदा जवळून बघायची फार हौस होती. पण स्वतःच्या पायांनी. खुर्चीत माणूस एकदा बसलं की घरचे पुन्हा उठू देत नाहीत. शेजारच्या मास्तरीणबाई गंमत म्हणून बसल्या, आता त्यांना न विचारता भिंतीकडे तोंड करून ठेवतात.

माझ्यावरचा लोभ खुर्चीपायी कमी करू नकोस.

तुझी आजी


६ नोव्हेंबर

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिडकीत बसून वाचलं आणि हसण्याच्या नादात एका गृहस्थांना एकाऐवजी तीन तिकिटं फाडून दिली. अगं, लिहिण्यात माझाच घोटाळा झाला. खुर्ची तुझ्यासाठी नाहीच! ती थोरल्या आजीसाठी आहे. तिकडे जुन्या घरात हल्ली जिना उतरतानासुद्धा धापा टाकते. पण तुझी जाऊ कशी आहे ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. सरळ सांगितलं तर यायचीच नाही. तू बरोबर असलीस, तर तुझ्या शब्दाखातर बसेल. म्हणून तुला यावंच लागेल. तिच्यापुढे आधीच खुर्चीचं नाव मात्र काढू नकोस.

सर्वांना नमस्कार, आणि तुझी माया अशीच धारदार राहू दे.

तुझी भिंगरी


८ नोव्हेंबर

ती. थोरल्या जाऊबाईंस,
सा. न. वि. वि.

रविवारी मी बंदरावर येतेय. खरं तर येणार नव्हते, पण म्हटलं कुणाला सोबत लागली तर? धक्का लांब आहे म्हणतात. दमलेल्या माणसानं बसावं, त्यात कमीपणा कसला? मी आपली सावकाश चालेन. कुणाला माझ्यामुळे घाई व्हायला नको.

चहाचा थर्मास मी आणते. तुमचा चहा म्हणजे गरम पाणी, लाँचवाले त्यात दोर भिजवतील. राग मानू नका, आणि मानलात तरी या.

तुमची धाकटी


१० नोव्हेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फार बरं वाटलं. तुला इतका समजूतदारपणा म्हातारपणी का होईना आला. दमलेल्यानं बसावं हे तू स्वतःच लिहिलंस, माझं निम्मं काम झालं. या घरात आलीस त्या आठवड्यात भरली बादली घेऊन जिन्यात घसरलीस, तेव्हा कुणी उचललं होतं ते विसरली नसशील. माणसाला माणूस लागतंच. मी आहे.

चहा आण. साखर मी आणते, तुझ्या हाताला ती सापडत नाही.

भेटीच्या ओढीत,
तुझी थोरली जाऊ


१७ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, तुझी लायकी नसताना.

लबाड कार्टे, दोघींच्या मधोमध खुर्ची ठेवलीस आणि खिडकीवर गर्दी झालीय म्हणत पळालीस. पुढचं तुझा बाप तुला सांगायचा नाही, म्हणून मीच लिहिते.

मी थोरलीला म्हटलं की बसा. ती म्हणाली की तूच बस, लाजू नकोस. असं तीनदा झालं, तेव्हा कुठे दोघींच्या डोक्यात उजेड पडला. तू तिलाही तेच पढवलं होतंस, माझं नाव घालून! मी म्हटलं, मी चालले गाडीत बसायला. थोरलीनं रागानं खुर्चीची मूठ पकडली आणि ढकलत तरातरा पुढे निघाली. बघते तर बाई धाप न लागता चाललीय. मग दुसरी मूठ मी धरली. भार हातांवर गेला आणि गुडघा चक्क गप्प बसला.

पण रिकामी खुर्ची फार हलकी. जरा रेललं की तिची पुढची चाकं वर उठायची आणि आम्ही मागे. आत वजन हवं होतं. थर्मास ठेवला, पिशव्या ठेवल्या, पुरेना. तेव्हा दोघींनी एकदमच तुझ्या बापाकडे बघितलं.

नाही नाही म्हणत होता. थोरली म्हणाली की लहानपणी माझ्याच कडेवर चढून बसायचास, आता कसली लाज? बसला. पण जन्मभर लोकांना गाडी चालवायला शिकवलंय, ती खोड खुर्चीत बसल्यावर सुटते का? समोर बघा, वळायच्या आधी हात दाखवा, हातगाडीला वाट द्या, सारखं चालू. थोरलीनं टकलावर टपली मारली तेव्हा थांबला. वाटेत एक बाई हळहळली की दिसतो धडधाकट, पण बिचाऱ्याच्या म्हाताऱ्या आईला त्याला ढकलावं लागतंय. त्यानं मान खाली घातली. आम्ही दोघी हसून हसून कठड्याला टेकलो, तेवढीच विश्रांती.

दिव्यापर्यंत गेलो. हात लावून आले मी. जवळून काही खरं नाही त्याचं, रंगाचे पोपडे निघालेत, वर पाखरांची घाण. कॅलेंडरात बरा दिसायचा. समुद्र मात्र कुठल्या कॅलेंडरात मावायचा नाही. जहाजाचा भोंगा वाजला तेव्हा थोरलीनं माझा हात घट्ट धरला. खुर्चीची मूठ समजून धरला असेल. मीही सोडवून घेतला नाही.

तिनं विचारलंय, पुन्हा कधी. तेव्हा पुढच्या महिन्यात खुर्ची काढून ठेव. तुझ्या बापाला मी घेऊन येते. त्यानं विचारलंच की खुर्ची कुणासाठी, तर सांग, थोरल्या आजीसाठी.

बाकी तुझ्या लबाडीवर माझा लोभ आहे, तो वाढवायचा की नाही ते पुढच्या रविवारांवर.

तुझी आजी