जिवाणूची केबिन

तीर्थस्वरूप मामा,

भाचीचा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? मामीने लावलेलं पथ्य अजून चालू आहे, की तीच कंटाळली? मी मजेत. म्हणजे नोकरी जायच्या बेतात आहे, बाकी तब्येत ठणठणीत.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मी थर्माकोलच्या दोन पेशी केल्या. एक आपल्या शरीरातली: मधोमध केंद्रक, त्याला स्वतःचं आवरण, आत डीएनए जपून ठेवलेला, भोवती ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका, सगळं कसं ऐसपैस. दुसरी जिवाणूची, अगदी चिमुकली: बाहेर भक्कम भिंत, मागे शेपटी, आत रायबोझोमचे मणी (तेही बारीक) आणि डीएनए म्हणून तांबड्या लोकरीचं एक कडं, तसंच मोकळं. केंद्रक नाही, कारण जिवाणूला ते नसतंच. (हे तुम्हाला सांगणं म्हणजे आगाऊपणा. तुमची उभी हयात हेच शिकवण्यात गेली.)

तेवढ्यात मुख्याध्यापक आले. थोर माणूस! गेल्याच महिन्यात त्यांनी स्वतःसाठी काचेची केबिन करून घेतली, तेव्हापासून केबिनशिवाय कुणाचा कारभार चालतो हे त्यांना पटतच नाही. म्हणाले, "बाई, याचं केंद्रक राहिलं." मी म्हटलं, सर, नसतं. तर हसले (मी टेंपररी, माझ्यावर हसायला कुणाला परवानगी लागत नाही), खेळाच्या खोलीतून टेबल टेनिसचा चेंडू आणला, कापला, माझी लोकर त्यात कोंबली आणि स्वहस्ते चिकटवला. वर जांभळा रंग! घसा बसलाय म्हणून मधेच अँटिबायोटिकची गोळीही घेतली. ती गोळी जिवाणूची भिंत मोडते आणि आपल्या पेशींना तसली भिंतच नाही म्हणून साहेब शाबूत राहतात, एवढा फरक घशाखाली उतरला, डोक्यात काही शिरला नाही.

चेंडू काढते म्हटलं, तर म्हणाले, "मग कायम करायच्या कागदावर माझी सही विसरा." गुरुवारी तपासणी आहे. चेंडू ठेवला तर अधिकारी मला अडाणी ठरवणार, काढला तर हे घरी बसवणार. मामा, थट्टा पुरे, मला खरंच भीती वाटते. ही नोकरी मला हवी आहे.

तुमची (निदान कालपर्यंत) लाडकी भाची

ता. क. साहेब तुमचेच जुने विद्यार्थी निघाले. तुमच्या शब्दाबाहेर नाहीत. जिवाणूला केंद्रक नसतं, एवढी एक ओळ सहीनिशी ताबडतोब पाठवा.

आणखी एक ता. क. ओळीबरोबर थोडी माफीही मागा. आज त्यांनी जपून ठेवलेली आठवीची वही दाखवली. जिवाणूच्या पोटात टपोरं केंद्रक, नावासकट, आणि खाली लाल शाईत तुमची सही. दहापैकी नऊ. एक गुण शेपटी वाकडी काढली म्हणून कापलाय.