बेंचमागची खुर्ची

शनिवार, १४ मे २००५. संध्याकाळचे सव्वासात. किटबॅग रिकामी करत होतो.

करार संपला. मँचेस्टरचा बास्केटबॉल क्लब ठेवून घेईल, पण बेंचवरच. ग्लासगोचा क्लब पहिल्या पाचांत खेळवेल. सोमवारपर्यंत कळवायचंय.

तीन वर्षं बाबा प्रत्येक मॅचला बेंचमागच्याच खुर्चीत बसले, थर्मास घेऊन. मी खेळत नसायचो, म्हणून तर आमचं बोलणं व्हायचं. आई गेल्यापासून घरी तेवढंही होत नाही.

आज त्यांनाच विचारलं. म्हणाले, "अरे, जा की. इथे नुसता माझा चहा संपवतोस."

हसले. मीही हसलो बहुतेक. मग त्यांनी थर्मास धुतला, पुसला आणि कपाटात अगदी वर ठेवून दिला. इतक्या वर कशाला?

ग्लासगोच्या बसचं तिकीट काढलं, बाबांकडून पैसे घेऊन.

खर्च: चौदा पौंड.
देणं: चौदा पौंड, बाबांना.